सेंट लुईसच्या काकांना आभाराचे पत्र

बेडफर्ड, व्हर्जिनिया

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बेडफर्ड काउंटीतून दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांची यादी आमच्या परीने पुरी झाली असून लवकरच ती ग्रंथालयात ठेवली जाईल. ऋणनिर्देशात आपले नाव घालू नये, असे आपण बजावले होते आणि ते आम्ही पाळले आहे. मात्र आभारच मानू नयेत, असे आपण म्हटले नव्हते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बेडफर्ड म्हटले की इथे सर्वांना ६ जून १९४४ ची सकाळ आठवते. नॅशनल गार्डमधून (राज्याच्या राखीव सैन्यातून) गेलेली इथली मुले ११६व्या पायदळ रेजिमेंटच्या ए कंपनीत होती आणि ती कंपनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर, ‘डी-डे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चढाईच्या पहिल्याच लाटेत उतरली. त्या वेळी जेमतेम तीन हजारांवर वस्ती असलेल्या या गावाने तिथे जी माणसे गमावली, त्यांची नावे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि २००१ पासून राष्ट्रीय डी-डे स्मारकही याच गावात आहे. आमची अडचण होती ती परत आलेल्यांची. मृत सैनिकांच्या दफनविषयक फायली वेगळ्या ठेवलेल्या असल्याने बचावल्या. जे जगले, घरी आले आणि पुन्हा तंबाखूच्या शेतीला किंवा गिरणीच्या कामाला लागले, त्यांच्याच सेवापुस्तिका १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या दफ्तरखान्यात लागलेल्या आगीत गेल्या. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्या आगीत नष्ट झाल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, सूचीही नव्हती. ‘फाइल जळाली’ असे उत्तर आले की बहुतेक संशोधक तिथेच हात टेकतात.

काका, आपण मात्र तिथून पुढे सुरुवात केलीत. भरतीच्या पंचकार्डांवरून तयार झालेली नव्वद लाखांच्या आसपास नोंदींची यादी काउंटीनिहाय चाळता येते, हे आम्हाला माहीत होते. पण त्या नोंदीतला सेवाक्रमांक कसा वाचायचा, हे आपण शिकवलेत. ३३ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे व्हर्जिनिया ज्यात येत असे त्या विभागातून सक्तीच्या भरतीने आलेला माणूस आणि २०३ने सुरू होणारा म्हणजे नॅशनल गार्डचा, एवढे समजताच एकाच नावाचे दोन चुलतभाऊ वेगळे करता येऊ लागले. (या काउंटीत आजोबांचे नाव सगळ्या नातवांना देण्याची हौस फार, त्यामुळे ही सोय किती मोलाची, ते आपल्याला सांगायला नको.) पुढे अखेरच्या पगाराची व्हाउचरे आणि कंपन्यांचे मॉर्निंग रिपोर्ट (रोजच्या हजेरीचे अहवाल) शोधण्यासाठी आपण वाचनकक्षात तासन् तास बसलात आणि झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

मोनेटाजवळच्या चर्चमागे दफन केलेल्या त्या कृष्णवर्णीय सैनिकाचे प्रकरण मला विशेष नमूद करावेसे वाटते. भूदलात तेव्हा वर्णभेद होता. ए कंपनीची कीर्ती त्याच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. सेवामुक्तीचा कागद काउंटीच्या कोर्टात नोंदवून ठेवण्याची पद्धत होती, पण त्या नोंदवह्यांत त्याचे नाव नाही. त्याच्या दगडावर राज्य, हुद्दा, क्वार्टरमास्टर (रसद पुरवणाऱ्या) ट्रक कंपनीचा क्रमांक आणि युद्धाचे नाव, एवढेच कोरलेले आहे. आपण शोधलेल्या व्हाउचरवर त्याचा मोनेटाचा पत्ता निघाला आणि कंपनीच्या मॉर्निंग रिपोर्टमध्ये दोन ओळी सापडल्या: एका तारखेला आजारी म्हणून इस्पितळात रवाना, पुढच्या एका तारखेला कामावर हजर. १९४४च्या शरद ऋतूत ती कंपनी फ्रान्समध्ये होती, तेव्हा ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या प्रसिद्ध रसदवाहतुकीत तो ट्रक चालवत असणार, असे लिहिण्याचा मोह आम्हा सर्वांना झाला होता. त्या वाहतुकीतले बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय होते, त्यामुळे ते शोभूनही दिसले असते. आपण ते ठामपणे लिहू दिले नाहीत. कागदात त्या वाहतुकीचा उल्लेख नसेल तर यादीतही तो असू नये, हा आपला आग्रह तेव्हा काहीसा कोरडा वाटला; पण त्याच्या मुलीने यादीचे पान वाचून प्रत्येक ओळीचा पुरावा मागितला, तेव्हा तो आमच्यापाशी होता. त्या दोन्ही कागदांच्या प्रती आम्ही तिला दिल्या.

ज्यांच्या नावापुढे अजून तुकडीचा रकाना कोरा आहे, तो आपल्या सांगण्याप्रमाणे कोराच ठेवला आहे. त्यातल्या काहींच्या करपलेल्या फायली अर्धवट बचावल्या आहेत, असे आपण कळवले होते. त्या मिळवण्यासाठीचे अर्ज आम्ही रीतसर पाठवले आहेत.

यानंतर पहिल्या महायुद्धाची यादी हाती घेण्याचा विचार आहे. त्या युद्धातून परतलेल्यांकडून राज्याने भरून घेतलेल्या प्रश्नावल्या रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत, त्यामुळे या खेपेला आपल्याला त्रास कमी होईल. मुळीच होणार नाही, असे वचन मात्र देत नाही. काकूंना नमस्कार सांगावा.

आपली स्नेहांकित,
यादीच्या कामातील एक स्वयंसेविका