नळी तशीच, औषध चालूच

महोदय,

मिरजेत थेट कर्नाटकातूनही रुग्ण येतात. अनेकांच्या मानेतल्या शिरेत नळी असते. ताप हटेना आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कॅन्डिडा ही बुरशी आली, की फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू होते, नळी मात्र जागेवरच. इथेच घोडं पेंड खातं. नळीच्या भिंतीवर ही बुरशी दोन-एक दिवसांत बुळबुळीत थर धरते. थरातले बीटा-ग्लुकन (एक शर्करायुक्त पदार्थ) औषध अडवते, बुरशीच्या पेशी आत शिरलेले औषध बाहेर फेकतात, काही नुसत्या निपचित पडून राहतात. थराबाहेरच्या मोकळ्या बुरशी-पेशींना पुरणारा डोस तिथे फिका पडतो. कॅस्पोफंजिन (पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, मग रोज ५०) किंवा लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन ही दुसरी बुरशीविरोधी औषधे थरावर बरी चालतात. तरी शक्य तिथे नळी काढायचीच. मग एक दिवसाआड कल्चर. औषधाचे १४ दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, ताप उतरल्यापासून नव्हे. रक्तातून बुरशी डोळ्यातही पोचू शकते, म्हणून डोळ्याचा पडदाही तपासावा. हे हमखास राहते.

लघवीच्या नळीचे वेगळे. तक्रार नसताना लघवीत कॅन्डिडा दिसला, तर पांढऱ्या पेशी फार घटलेले किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण सोडून बहुधा औषध नकोच, नळी काढा. कॅस्पोफंजिन लघवीत पुरेसे उतरत नाही, तिथे ते महागडे इंजेक्शन बहुतेक वायाच.

— एक सूक्ष्मजीवतज्ज्ञ, मिरज (जि. सांगली)