शेलची मांडणी गिटमध्ये ठेवायला शिकवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून लिनक्सच्या प्रात्यक्षिकात फाइली हलवणे, परवानग्या बदलणे, छोट्या स्क्रिप्ट लिहिणे हे सारे करून घेतले जाते. मात्र शेलची (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची) स्वतःच्या सोयीने बसवलेली मांडणी, म्हणजे एलियास (आज्ञांची छोटी नावे), प्रॉम्प्ट (आज्ञेआधी दिसणारा मजकूर), पाथ (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) वगैरे, प्रयोगशाळेतल्या संगणकावरून घरच्या लॅपटॉपवर आणि तिथून दूरच्या सर्व्हरवर कशी न्यायची, हे सहसा शिकवले जात नाही. मग ती पेनड्राइव्हवरून नाहीतर स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमधून फिरते आणि हळूहळू प्रत्येक यंत्रावर तिची निराळी आवृत्ती होऊन बसते.

यावरचा उपाय २००५ पासून उपलब्ध असलेल्या गिटमध्येच, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या नोंदवून ठेवणाऱ्या साधनातच, आहे. ही मांडणी होम डिरेक्टरीतल्या (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या), टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींत असते. त्या एका फोल्डरमध्ये हलवाव्यात, तो गिटखाली आणावा आणि मूळ जागी फक्त सिम्लिंक (त्या फाइलींकडे नेणारे दुवे) ठेवावेत. एका यंत्रावर केलेला बदल पुश केला (सामायिक साठ्यात पाठवला), की दुसऱ्यावर पुल करणे (तिथून आणणे) तेवढे उरते.

खरी अडचण यंत्रे एकसारखी नसतात ही आहे आणि वर्गात वेळ द्यायला हवा तो याच भागाला. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर नव्या खात्यांना झेडशेल हे शेल मिळते, जे बॅशआरसी, म्हणजे बॅश या दुसऱ्या शेलची मांडणीची फाइल, वाचतच नाही. मॅकसोबत येणारे बॅशही ३.२ इतके जुने आहे, त्यामुळे ४.० मध्ये आलेले असोसिएटिव्ह ॲरे (नावावरून मूल्य शोधता येणाऱ्या याद्या) तिथे चालत नाहीत. लिनक्सवरही टर्मिनलची खिडकी उघडली की साधारणपणे बॅशआरसी वाचली जाते, पण एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) लॉगिन केल्यावर बॅश प्रोफाइल ही बॅशची दुसरी फाइल वाचली जाते. म्हणून प्रोफाइलमधून बॅशआरसी बोलावणारी ओळ हवीच. शिवाय बॅशआरसीत हौसेने स्वागताचा मजकूर छापला, तर एससीपीने (एसएसएचवरून फाइली पाठवणाऱ्या आज्ञेने) फाइल पाठवणे बिघडू शकते, कारण त्या वेळीही सर्व्हरवर ही फाइल वाचली जाते. तेव्हा सर्वांना लागू पडणारा भाग एका फाइलमध्ये ठेवून, यंत्रणेचे नाव सांगणाऱ्या युनेम या आज्ञेचे उत्तर लिनक्स की डार्विन (म्हणजे मॅक) हे पाहून पुढची फाइल बोलवावी आणि त्या एकाच यंत्रापुरत्या गोष्टी गिटबाहेरच्या स्थानिक फाइलमध्ये ठेवाव्यात.

सर्वांत गंभीर मुद्दा गुप्ततेचा आहे. एपीआय टोकन (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त खूण) बॅशआरसीत एक्सपोर्ट करून ती फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) टाकली आणि नंतर ओळ पुसली, तरी टोकन जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या आवृत्तीत) तसेच राहते. ते लगेच रद्द करून नवे घेणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. एसएसएचची खासगी किल्ली तर रिपॉझिटरीच्या आसपासही असू नये.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी यासाठी एक प्रात्यक्षिक राखून ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गिट जिथे आधीच आहे, तिथे सारे काम विद्यार्थ्याच्या होम डिरेक्टरीत होते. त्याला प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही आणि नवे सॉफ्टवेअरही विकत घ्यावे लागत नाही.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका, सांगली