तीस दिवसांच्या महिन्याला दहा गोळ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहीत आहोत. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायची मुभा आहे, तेव्हा आपण राग मानणार नाही अशी आशा आहे.

निमित्त ताजं आहे. गेल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बीपीच्या रुग्णांना अम्लोडिपिनची एकेक पट्टी मिळाली. दहा गोळ्या. परत कधी यायचं? पुढच्या महिन्यात. आपल्या खात्याने घरोघरी जाऊन बीपी-शुगर तपासायची 'गृह आरोग्य' योजना आणली तेव्हा आम्ही मनापासून स्वागत केलं होतं. तपासणी झाली, नावं लिहून नेली, फोटो निघाले. मधल्या वीस दिवसांचं काय, असं विचारल्यावर खिडकीतून दोन शब्द आले: 'स्टॉक इल्ला.' साठा नाही.

दहा गोळ्यांनी काय होतं ते आपल्या सल्लागारांनी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. पाच मिलिग्रॅमची अम्लोडिपिन रोज घेतली तरी रक्तातलं तिचं प्रमाण स्थिर व्हायला सात-आठ दिवस लागतात. म्हणजे गोळी कुठे अंगी लागते तोवर पट्टी संपलेली असते. ती अंगातून हळूहळू उतरते, त्यामुळे बंद केल्यावर दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, 'सोडली तरी बरं आहे की!' दाब चढतो तोही गुपचूप. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग बघू, असं म्हणणाऱ्याला कधी कधी आधी लकवाच भेटतो. महिन्याने तो दवाखान्यात येतो, वरचा आकडा १६० निघतो. गोळी लागू पडत नाही असं समजून डॉक्टर दुसरी लिहितात, टेल्मिसार्टन चाळीस. तो घरी जाऊन दोन्ही नेमाने घेऊ लागला की पहाटे लघवीला उठताना भोवळ येऊन पडतो. यात चूक रुग्णाची, डॉक्टरची की आपल्या गोदामाची?

अम्लोडिपिन काही सोन्याच्या भावाची नाही. जनऔषधी दुकानात दहाची पट्टी चहाच्या पैशात येते. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्यांवर असलेल्यांची गोष्ट तर याहून गंभीर. ती गोळी एकाएकी तुटली की नाडी उसळते, हृदयविकार असलेल्याच्या छातीत कळ येऊ शकते. त्यांनाही 'पुढच्या महिन्यात या'च?

आता मोजण्याबद्दल. शिबिरात काय चालतं ते साहेबांच्या पाहणीत दिसत नाही, कारण साहेब आले की खुर्ची येते. एरवी बाक असतो, त्याला पाठ नसते. माणूस उन्हातून चालत आलेला, रांगेत बिडी ओढलेली, लघवी तुंबलेली. पाय लोंबकळत, हात खाली सोडलेला, पट्टा शर्टाच्या बाहीवरून. वर मोजणारी ताई विचारते, आधार कार्ड आणलंय का, आणि तो बोलत असतानाच यंत्र गुरगुरतं. हृदयाच्या पातळीपेक्षा हात दहा सेंटिमीटर खाली असला तर आकडा आठेक पॉइंटांनी वाढतो. बोलल्याने वाढतो, तुंबलेल्या लघवीने वाढतो, अरुंद पट्ट्याने वाढतो. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. आमच्या गावच्या तालमीतल्या पैलवानाच्या दंडाला तो गुंडाळला की वेल्क्रो करकर सुटतो, मग ताई वरून बोटांनी दाबून धरते. मोठा पट्टा मागितला होता. कागद कुठल्या टेबलावर आहे, देव जाणे.

योग्य रीत सोपी आहे. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा घ्यावा, जास्त येईल तो हात पुढे धरावा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही बीपी ठरवायची रेघ. तीही एका दिवसाच्या आकड्यावर ओढायची नाही. याला माणशी दहा मिनिटं लागतात. तुम्ही एका ताईला दिवसाला किती घरांचं टार्गेट दिलंय, ते एकदा या दहाने गुणून बघा.

गोळी नसली की रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो. 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन चढतं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि ठेचा-पापड-खारातली मिरची अजून ताटात यायचीच आहे. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, तेही दाब वाढवतं आणि मूत्रपिंडावर उठतं. दाब फारच दिसला तर निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली. आकडा धाडकन उतरतो, घरचे हात जोडतात. पण मेंदूचा रक्तपुरवठाही त्यासरशी खाली येतो आणि कधी लकवा तिथेच होतो. ही रीत केव्हाच टाकून द्यायला हवी होती. तुमचं खातं तिच्याविरुद्ध एक भित्तिपत्रक लावत नाही. लावलंच तर कोणत्या भाषेत लावेल, हे आम्हाला ठाऊक आहे.

तेवढंही बोलूनच टाकतो. गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलं होतं: 'दिनक्के ओंदु, बेळिग्गे.' दिवसाला एक, सकाळी. आमच्या आज्या बाजारात घासाघीस कन्नडमध्ये करतात, पण अक्षर ओळखत नाहीत. शेजारच्या पोराने वाचलं 'ओंदु', आणि ते बीपीच्या आणि शुगरच्या दोन्ही पाकिटांवर सारखंच. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे देशात ठरून साठेक वर्षं झाली. खानापुरात मराठी किती, हे जनगणनेत बघा, आम्हाला विचारू नका. २०१४ साली बेळगावचं बेळगावी केलंत, तेव्हा नव्या पाट्यांना स्टॉक इल्ला म्हणणारं कुणी भेटलं नाही. अधिवेशनासाठी बेळगावात सुवर्णसौध उभं राहिलं, दर हिवाळ्यात दहा-बारा दिवस गाड्यांचे ताफे येतात, आमच्या नावाने भांडणं होतात आणि ताफे परत जातात. पलीकडे मुंबईवालेही आमच्यासाठी २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहेत. दोन्ही सरकारांना ही जमीन हवी आहे. जमिनीवरच्या माणसाचा खालचा आकडा शंभरावर गेलाय, त्याचं कुणाला काय!

मागणं फार नाही. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्या, दाब आटोक्यात असलेल्यांना साठ दिवसांच्या. प्रत्येक केंद्रात एक मोठा पट्टा आणि एक पाठीची खुर्ची. पाकिटावर सूर्य-चंद्राचं चित्र छापा, म्हणजे कन्नड-मराठीचा वादही नको. मूत्रपिंड ठीक आहे का हे कळायला वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तालुक्यातच तपासलं जावं. आणि अहवालात किती जणांना तपासलं याच्या शेजारी एक रकाना वाढवा: किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला.

उत्तर कन्नडमध्ये आलं तरी वाचून घेऊ. फक्त आपल्या पुढच्या महिन्याच्या साठ्यात खानापूर तालुक्यासाठी अम्लोडिपिनच्या गोळ्या किती, तो आकडा त्यात असू द्या.

आपले,
खानापूर तालुक्यातले काही औषध दुकानदार आणि निवृत्त परिचारिका