ओठ वर करून बघायला शिकवलंत, डॉक्टर मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या. घरी आल्यापासून ती सारखी दातांवरून जीभ फिरवत होती. तिच्याकडे बघताना मला ती अडीच वर्षांची असतानाची दुपार आठवली. हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं.

वरच्या समोरच्या दोन दातांना हिरडीजवळ कीड लागून ते तपकिरी झाले होते आणि शेजारच्या दोन दातांवर पांढुरके पट्टे उमटले होते. त्याआधी एका ठिकाणी दाखवलं, तर "दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत," असं ऐकून परत आले होते. रात्री ती दुखून उठायची. पडायचेत म्हणून तोवर दुखू द्यायचं का, हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं.

तुम्ही तिला त्या मोठ्या खुर्चीवर बसवलंच नाहीत. माझ्या गुडघ्यांना गुडघे टेकवून बसलात, तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलंत, पाय माझ्या कमरेशी. ती रडत होती, आणि रडताना उघडलेल्या तोंडातच तुम्ही सगळे दात बघून घेतलेत. मग विचारलंत, "झोपताना काय घेते?" मी खाली मान घालून सांगितलं, बाटलीतून दूध, साखर घालून. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसले होते. तुम्ही विचारलंत, "आई, तुम्ही रात्री कितीदा उठता?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बचावले. पांढरे पट्टे ही किडीची सुरुवात, तिथून दात अजून सावरता येतो. त्या दोन दातांना फ्लोराइडचं वार्निश लावलंत, किडलेल्या दोघांवर उपचार केलेत. साखर बंद करून दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्यायला सांगितलंत. आठ-दहा रात्री वाईट गेल्या, पण बाटली सुटली. "एवढ्याशा पोरीला कसली पेस्ट!" म्हणणाऱ्या सासूबाईंनाही तुम्ही आत बोलावून, आजी म्हणून शेजारी बसवलंत आणि ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट काढून दाखवलीत. तीन वर्षांनंतर मटाराच्या दाण्याएवढी. त्यानंतर घरात त्या पेस्टचा हिशेब सासूबाईच ठेवू लागल्या.

"महिन्यातून एकदा ओठ वर करून बघत जा," असंही सांगितलंत. त्या सवयीमुळेच सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवलेली नवी दाढ मला दिसली. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची असते हे तुम्ही सांगितलंत. तिच्या खोल खाचा तुम्ही सुईशिवाय सीलंटने बुजवल्यात. त्या दाढा आजही धडधाकट आहेत.

पण मॅडम, सगळ्यात मोठं ऋण अकराव्या वर्षाचं. शाळेच्या मैदानावर पडून समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. मी तिथे पोहोचले तेव्हा तिच्या मुठीत तो मातीने माखलेला दात होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. मी तुम्हाला फोन लावला. तुमचा आवाज जराही चढला नाही. "मुळाला हात लावू नका, वरच्या भागाला धरा. घासू नका, पुसू नका. थंड दुधात टाका आणि लगेच निघा." शाळेसमोरच्या चहावाल्याने स्टीलच्या पेल्यात दूध दिलं, पैसेही घेतले नाहीत. अर्ध्या तासात आम्ही तुमच्यासमोर होतो. तुम्ही दात जागेवर बसवलात, शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवलात, पुढे रूट कॅनॉल केलंत. त्या दाताचं पुढे काय होईल याची खात्री तुम्ही दिली नव्हती, आजही देत नाही, दर वेळी फोटो काढून बघता. या खरेपणावरच माझा विश्वास आहे. तो दात आज तिच्या हसण्यात आहे.

त्या दातामुळे तारांचं काम जपून करावं लागलं. तारांच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोललात. चौदा वर्षांच्या मुलीला ब्रश कर म्हणून सांगणं आईला जमत नाही. तुम्ही तिच्याशी एकटीशी बोललात. काय बोललात ते तिने मला सांगितलेलं नाही, पण रात्री न सांगता बेसिनचा नळ सुरू होतो.

माझ्या भावाच्या बाळाला मागच्या आठवड्यात पहिला दात आला. खालचा आला, म्हणून आई खूश. वरचा आधी आला तर मामाला वाईट म्हणतात ना. मी मात्र त्याचा ओठ वर करून बघितला. पहिल्या वाढदिवसाआधी त्याला तुमच्याकडे घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची आई, कराड