सराव सामन्यांना 'नामुष्की' कशाला?

महोदय,

युरोपातील फुटबॉल हंगामापूर्वी जुलै-ऑगस्टमध्ये क्लब जे मैत्रीपूर्ण सामने खेळतात, त्यांच्या बातम्या 'धुव्वा', 'नामुष्की' अशा मथळ्यांनिशी छापल्या जातात, हे खटकते. या सामन्यांत किती खेळाडू बदलायचे, हे दोन्ही संघ आपसांत ठरवून सामन्याआधी पंचांना कळवू शकतात. त्यामुळे मध्यंतरानंतर अनेकदा जवळपास अख्खा संघच नवा उतरतो आणि अकादमीतील सतरा-अठरा वर्षांची मुले नावाजलेल्या आघाडीपटूंना अडवताना दिसतात. सुट्टीवरून परतलेल्यांचा दमसास वाढावा, नव्या बचावपटूचे गोलरक्षकाशी सूत जुळावे, हा प्रशिक्षकाचा मुख्य हेतू असतो. गल्ल्याचे गणितही असतेच म्हणा: २०१४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्या अशाच सामन्याला १,०९,३१८ प्रेक्षक आले होते. मात्र लांबच्या दौऱ्यांत सरावाचा वेळ प्रवासातच जातो, ही प्रशिक्षकांची कुरकुर मला रास्त वाटते. आपल्या वृत्तपत्राने अशा सामन्यांच्या वृत्तात गोलसंख्येबरोबरच कोण किती मिनिटे आणि कोणत्या जागी खेळला, हेही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक