डोंग बा बाजारातल्या मावशींना

ती. मावशींना सा. न.

हे पत्र व्हिएतनामीत करून पाठवीन, असं तुमच्या भाचीला कबूल केलंय. ते पाठवीनच. पण आधी मराठीत, सगळ्यांसमोर लिहितेय, कारण "आईला घेऊन गेलीस खरी, पण तिकडे श्रावण कसा पाळला?" हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांनी विचारून झालंय.

आईचा श्रावण कडक. मांस-मासे सोडाच, कांदा-लसूणही चालत नाही. व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात, तुमच्याकडे येण्याआधी ज्या शहरात होतो तिथे एका हॉटेलवाल्याने मान डोलावून 'व्हेज' म्हणत आणलेल्या सुपाच्या तळाशी सुकी कोळंबी निघाली होती. तेव्हापासून आई दशम्या आणि केळ्यांवर होती. तुमच्या दुकानापुढे आम्ही थांबलो ते फक्त कमळबिया घ्यायला. (मखाणे नव्हेत. खऱ्या कमळाच्या, वाळवलेल्या.)

मी फोनवर 'मांस नाही, मासे नाही, कांदा-लसूण नाही' असं लिहून दाखवलं. तुम्ही मान डोलावली नाहीत, तिथेच माझा तुमच्यावर विश्वास बसला. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलंत. सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, वू लानचा दिवस, म्हणजे आईवडिलांची आठवण ठेवायचा बौद्ध सण. आईची राखी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. तुमच्याकडे पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी कितीतरी घरांत 'चाय' जेवण असतं, म्हणजे पूर्ण शाकाहारी, आणि कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात, हे भाचीने सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. मग तुम्ही दुकान शेजारणीवर सोपवून चप्पल पायात सरकवलीत.

बाजारातली ती वाट मला एकटीला सापडली नसती. भाची मागून माहिती देत होती, की जुना बाजार किल्ल्याच्या पूर्वेच्या दरवाजाबाहेर होता, १८८५ साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत जळाला आणि १८९९ मध्ये थान्ह थाय राजाने तो इथे, हुआँग (परफ्यूम) नदीकाठी हलवला. माझं अर्धं लक्ष नाकाकडे होतं. 'मम रुओक', म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची लगदी, बरण्याच्या बरण्या उघड्या मांडलेली. कोकणात वाढलेल्या आईला सुक्या मासळीचा वास नवा नाही, तरी तिने पदर नाकाला लावला.

पुढचं मात्र मी बारकाईने पाहिलं. बुन, म्हणजे तांदळाच्या शेवया, विकणाऱ्या बाईंच्या पातेल्याचं झाकण तुम्ही स्वतः काढलंत. पळी उचलून वास घेतलात, आतला गवती चहा, अननस, गाजर आणि अळंबी एकेक करून आईला दाखवलीत. पळी फक्त याच पातेल्यात जाते ना, हे विचारलंत. वाटीवर कांद्याची हिरवी पात भुरभुरायला बाईंनी हात पुढे केला तसा तुम्ही तो मनगटाला धरून थांबवलात. फिश सॉसऐवजी सोया सॉस, त्यात मिरची. आईने दोन वाट्या संपवल्या. वर केळीच्या पानातली बान्ह नाम, आत मुगाचं सारण. "अगं, ही तर पानगीच!" म्हणत तिने तिसरी पानातून सोडवली. मी शेजारी बसून कोम हेन खाल्लं, नदीतल्या बारीक शिंपल्यांचा तो भात. छान होता, पण त्याचं कौतुक इथे नको, आई वाचेल.

पैसे द्यायच्या वेळी तुम्ही माझ्या पाकिटातल्या वीस हजारांच्या आणि पाच लाखांच्या नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत लावून दिल्यात. दोन्ही निळ्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या, आणि एकीची किंमत दुसरीच्या पंचवीसपट! असल्या नोटा कोणी काढल्या, देव जाणे.

टोपीवाल्या बाईंकडेही तुम्ही मला लगेच जाऊ दिलं नाहीत. त्यांची भवानी व्हायची होती. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून काही न घेता निघून गेलं तर अख्खा दिवस वाया जातो, असं तुमच्याकडेही मानतात. तेवढ्यात पलीकडच्या दुकानातून एक बाई रिकाम्या हाताने निघाली, आणि दुकानदारणीने कागदाचा तुकडा पेटवून उंबऱ्याशी फिरवला. आईला त्यात काही नवल वाटलं नाही. ती मीठ-मोहऱ्यांवर वाढलेली! भवानी झाल्यावर मी नोन बाय थो, म्हणजे कवितेची टोपी, घेतली. उजेडात धरली की पानांच्या दोन थरांमधली कवितेची ओळ दिसते. तुम्ही भाव अर्ध्यावर आणलात आणि वर टोपीवाल्या बाईंना हसवलंत, हे मला आजही जमत नाही.

निघताना तुम्ही डब्यातून कापडी गुलाब काढलेत. वू लानला ज्याची आई हयात त्याने लाल लावायचा, नसेल त्याने पांढरा. ही चाल बौद्ध भिक्षू थिक न्यात हान्ह यांच्या १९६२ च्या लेखनातून रुजली. ते मूळचे ह्वेचेच. माझ्या कुडत्यावर तुम्ही लाल टाचलात. तुमच्या ब्लाउजवर सकाळपासून पांढरा होता, आणि तो का, हे मला तेव्हाच कळलं. आईने काही न बोलता तुमचा हात हातात घेतला. कमळबियांचे जास्तीचे पैसे तुम्ही नाकारलेत, म्हणून तिने पर्समधलं हळदी-कुंकवाचं करंडं तुमच्या काउंटरवर ठेवलं. ते कशाचं, हे भाचीला फोनवर समजावलंय.

आता कामाचं. आईने गवती चहा घालून तो रस्सा घरी दोनदा केला, पण तुमच्याकडच्यासारखा गोडवा येत नाही. अननस सुरुवातीलाच घालायचा की उकळी आल्यावर? आणि अळंबी आधी परतून घ्यायची का? भाचीला सांगून कळवा. पुढच्या सोमवारी आमच्याकडे पाहुणे आहेत आणि आईने मेन्यू जाहीर करून टाकलाय.