हेवीवेटचे अंदाज चुकतात, कारण लढतीच होत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठी हेवीवेट लढत जवळ आली की क्रीडा पानावर दोन प्रकारचा मजकूर हमखास येतो. एकात दोन्ही बॉक्सरांची उंची, हातांचा पल्ला, वजन आणि नॉकआउटची संख्या यांची चौकट असते आणि तळाशी विजेत्याचा अंदाज. दुसऱ्यात या वजनगटाची रया गेली, आता अली-फ्रेझरसारखे कोणी उरले नाही, अशी हळहळ असते. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. वरच्या फळीतले हेवीवेट एकमेकांशी फार थोड्या वेळा आणि फार उशिरा लढतात. त्यामुळे अंदाज बांधायला पुरावा मिळत नाही आणि प्रेक्षकालाही पुढच्या लढतीची ओढ राहत नाही.

जो लुईने १९४१ या एका वर्षात सात वेळा किताब राखला. अलीने १९६६ मध्ये किताब पणाला लावून पाच लढती केल्या: मार्चमध्ये जॉर्ज चुवालो, मेमध्ये हेन्री कूपर, ऑगस्टमध्ये ब्रायन लंडन, सप्टेंबरमध्ये कार्ल मिल्डेनबर्गर आणि नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँड विल्यम्स. ओलेक्सांद्र उसिक हा आजच्या पिढीतला निर्विवाद सर्वोत्तम हेवीवेट. तो २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत सहा वेळा रिंगणात उतरला, आणि त्या सहा लढतींत प्रतिस्पर्धी तीनच होते: अँथनी जोशुआ, टायसन फ्युरी आणि डॅनियल दुबुआ, प्रत्येकी दोनदा. यात उसिकचा दोष नाही, त्याने समोर आलेल्या सर्वांत तगड्या माणसांनाच हरवले. पण खालच्या गटांकडे पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. सुपर बँटमवेटचा विजेता नाओया इनोउए एकट्या २०२५ मध्ये चार वेळा लढला.

लढती का होत नाहीत? पहिले कारण पट्ट्यांची, म्हणजे किताबांची, वाटणी. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटनांचे चार किताब, आणि प्रत्येकीचा आपापला सक्तीचा आव्हानवीर. लेनॉक्स लुईसने नोव्हेंबर १९९९ मध्ये होलीफिल्डला हरवून तीन प्रमुख पट्टे एकत्र केले, पण २००० च्या एप्रिलमध्येच त्यातला डब्ल्यूबीएचा पट्टा काढून घेतला गेला. त्यानंतर सर्व पट्टे एका कमरेला बघायला १८ मे २०२४ उजाडावा लागला. त्या दिवशी रियाधमध्ये उसिकने फ्युरीला हरवले, आणि जून संपायच्या आत आयबीएफचा किताब त्याला सोडावा लागला, कारण त्या संघटनेचा आव्हानवीर रांगेत होता आणि उसिक फ्युरीशी परतीच्या लढतीला बांधलेला होता. मधल्या काळातली काही वर्षे तर हे एकत्रीकरण अशक्यच होते. २०११ ते २०१३ मध्ये चारही पट्टे व्लादिमिर आणि विताली या क्लिच्को भावांकडे होते आणि एकमेकांशी लढणार नाही, असा शब्द दोघांनी आईला दिला होता.

दुसरे कारण करार. २०२१ मध्ये फ्युरी-जोशुआ लढत ठरली होती, तारीखही जाहीर झाली होती. मे महिन्यात लवादाने देऑन्टे वाइल्डरचा फ्युरीशी तिसऱ्या लढतीचा हक्क मान्य केला आणि सगळे कोसळले. जोशुआ-वाइल्डर ही लढत २०१८ मध्ये व्हायला हवी होती. तेव्हा दोघेही अपराजित होते, ती झालीच नाही. लेनॉक्स लुईस-माइक टायसन झाली, पण जून २००२ मध्ये. त्या वेळी लुईस ३६ वर्षांचा होता आणि टायसन ३६ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर. अशी लढत दहा वर्षे उशिरा झाली की तिच्या निकालातून कोणाविषयी काहीच शिकता येत नाही.

मात्र ‘प्रेक्षकच उरले नाहीत’ हे विधान मला मान्य नाही. एप्रिल २०१७ मध्ये जोशुआ-व्लादिमिर क्लिच्को लढतीला वेम्ब्लीवर ९० हजार लोक होते, सप्टेंबर २०२४ मध्ये दुबुआ-जोशुआला त्याच मैदानावर ९६ हजार. ओसरला आहे तो अमेरिकेतला नेहमीचा, दर महिन्याचा प्रेक्षक. एचबीओ या तिथल्या वाहिनीने २०१८ अखेर आणि शोटाइमने २०२३ अखेर बॉक्सिंग दाखवणे थांबवले. मोठ्या रात्रीची गर्दी कायम आहे, दोन मोठ्या रात्रींच्या मधल्या काळात मात्र पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

नीरस लढतींचा वाटाही मोठा आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. व्लादिमिर क्लिच्कोने ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत पोवेत्किनला चार वेळा खाली पाडले, तिन्ही जजांनी ११९-१०४ असे गुण दिले, तरीही ती लढत बघणे शिक्षा होती. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायचा, पुढे येणाऱ्याच्या मानेवर हात टाकून त्याला मिठीत घ्यायचे आणि आपले वजन त्याच्यावर सोडायचे, असा बारा फेऱ्यांचा क्रम. पंचांनी एक गुण कापला तो अकराव्या फेरीत. तिसऱ्या फेरीत कापला असता तर लढतीचे रूप पालटले असते. म्हणून कोणताही अंदाज करताना पंच कोण आहे आणि तो मिठी किती वेळ चालू देतो, हे आधी पाहावे. अंगावर येऊन लढणाऱ्या बुटक्या बॉक्सरचे अर्धे भवितव्य तिथे ठरते.

आता अंदाजाच्या पद्धतीकडे येतो, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे.

‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवेल, हे गणित या खेळात चालत नाही. फ्रेझरने मार्च १९७१ मध्ये अलीला हरवले. फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला आणि वर्षभराने फोरमनने नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत संपवले. या हिशेबाने ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अली उभा राहायलाच नको होता. त्याने आठव्या फेरीत फोरमनला नॉकआउट केले. फ्रेझर स्वतःहून फोरमनच्या ठोशांच्या टप्प्यात चालत येत असे, नॉर्टनला मागे सरत लढता येत नसे. अली दोरांना टेकून ठोसे हातांवर झेलत राहिला, मधेच सरळ उजव्या हाताने मारत राहिला, आणि लवकर लढती संपवायची सवय झालेला फोरमन पाचव्या-सहाव्या फेरीनंतर रिकामा झाला. लागोपाठच्या निकालांची साखळी बघण्यापेक्षा दोन शैली समोरासमोर आल्यावर नेमके काय घडेल, हे लिहायला हवे.

नॉकआउटची संख्या हा सर्वांत फसवा आकडा. वाइल्डरने पहिल्या ३२ लढती नॉकआउटने जिंकल्या आणि त्यांतली एकही चौथ्या फेरीपलीकडे गेली नाही. म्हणजे पाचव्या फेरीत तो कसा श्वास घेतो, हेच जानेवारी २०१५ च्या स्टिव्हर्न लढतीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. असा विक्रम वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. हरलेले प्रतिस्पर्धी त्याआधीच्या पाच लढतींत काय करत होते? त्यांना आधीही कोणी नॉकआउट केले होते का? आणि आपला बॉक्सर कधी गुणांवर मागे पडून, आठव्या फेरीनंतर परत आला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ४०-० हा विक्रमही अर्धवटच समजावा.

वजनाच्या बाबतीत हेवीवेट इतर गटांहून वेगळा आहे आणि आपल्या चौकटीत ते कधीच दिसत नाही. २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोच्या वर मर्यादाच नाही. खालच्या गटांत काटा हीच शिस्त असते, सरावात कुचराई झाली तर ती वजनाच्या दिवशी उघडी पडते. हेवीवेटला काट्यावर नापास होता येत नाही, म्हणून तयारीतली ढिलाई झाकली जाते. ती ओळखायची तर बॉक्सरचे वजन प्रतिस्पर्ध्याशी ताडून उपयोग नाही. त्याच्याच मागच्या तीन लढतींच्या वजनाशी ताडावे. अँडी रुइझने जून २०१९ मध्ये २६८ पौंडांवर जोशुआला सातव्या फेरीत संपवले. डिसेंबरच्या परतीच्या लढतीत तो २८३ पौंडांवर आला. जोशुआने उलट सुमारे दहा पौंड उतरवले होते. तो बारा फेऱ्या फिरत राहिला आणि रुइझ त्याच्या मागे पोहोचूच शकला नाही. लुईस एप्रिल २००१ मध्ये जोहान्सबर्गजवळ, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर, उशिरा पोहोचून २५३ पौंडांवर रहमानशी लढला आणि पाचव्या फेरीत झोपला. नोव्हेंबरमध्ये वजन उतरवून आला आणि चौथ्या फेरीत हिशेब पुरा केला.

पण वाढलेले वजन दर वेळी आळसाचे नसते. फ्युरी पहिल्या वाइल्डर लढतीत २५६ पौंडांच्या आसपास होता, दुसऱ्या लढतीत २७३. तो मुद्दाम जड होऊन आला होता, कारण प्रशिक्षक बदलला होता आणि बेत पुढे चालून वाइल्डरला मागे रेटण्याचा होता. वाइल्डरला मागच्या पायावर वजन असताना उजवा हात सोडता येत नाही. सातव्या फेरीत लढत संपली. म्हणून वजनाच्या आकड्याशेजारी प्रशिक्षक बदलला का, हे लिहिलेच पाहिजे.

उसिकसारख्या डावखुऱ्याशी लढताना पल्ल्याचा आकडाही जवळपास निकामी होतो. डावखुऱ्याचा उजवा हात आणि उजवा पाय पुढे असतो, त्यामुळे दोघांचे पुढचे हात एकमेकांवर आदळतात आणि उंच माणसाचा जॅब अडतो. अशा वेळी ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याचा मागचा हात समोरच्याच्या मध्यरेषेवर येतो. उसिक सतत ती जागा घेतो, छातीवर आणि पोटावर ठोसे मारून समोरच्याला पवित्रा पुन्हा घ्यायला लावतो, आणि प्रत्येक वेळी २६० पौंडांचे शरीर पुन्हा मांडण्याची किंमत आठव्या फेरीनंतर वसूल करतो. अलीलाही डावखुऱ्या मिल्डेनबर्गरला संपवायला बाराव्या फेरीपर्यंत जावे लागले होते. अशा लढतीच्या आधी त्या बॉक्सरने गेल्या तीन वर्षांत डावखुऱ्यांशी किती फेऱ्या खेळल्या, हा आकडा सहा इंचांच्या पल्ल्याहून मोलाचा आहे.

विजेता कोण, एवढेच सांगणाऱ्या अंदाजाला किती अर्थ असतो, हे उसिक-फ्युरी पहिल्या लढतीच्या गुणांवरून दिसते. एका जजचे ११५-११२ उसिक, दुसऱ्याचे ११४-११३ उसिक, तिसऱ्याचे ११४-११३ फ्युरी. नवव्या फेरीत पंचांनी फ्युरी खाली पडल्यासारखी मोजणी केली आणि तिघांनीही ती फेरी उसिकला १०-८ दिली (एरवी फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ गुण). ती मोजणी झाली नसती आणि फेरी १०-९ गेली असती, तर गुण ११५-११३ उसिक, ११४-११४ आणि ११५-११३ फ्युरी झाले असते, म्हणजे लढत बरोबरीत. एका मोजणीवर ठरलेल्या निकालानंतर ‘आमचा अंदाज खरा ठरला’ असे छापणे वाचकाला काहीच शिकवत नाही.

म्हणून अंदाज टक्क्यांत द्यावा आणि सोबत लढत कशी संपेल तेही: पहिल्या सहा फेऱ्यांत नॉकआउट, नंतर नॉकआउट की गुणांवर. बाजारातले भाव पैजेसाठी कोणी वाचू नयेत, पण तुलनेसाठी त्यांचा उपयोग होतो. एकाचा भाव १.५० आणि दुसऱ्याचा २.७५ असेल तर एकाला भावाने भागून ६६.७ आणि ३६.४ टक्के येतात. बेरीज १०३ होते, जास्तीचे तीन भाव ठरवणाऱ्याचे. ते वजा जाता शक्यता ६५-३५ उरते. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसचा भाव एकास ४२ (लावलेला एक धरून ४३ परत) होता, म्हणजे शक्यता जेमतेम २.३ टक्के. त्याने दहाव्या फेरीत टायसनला नॉकआउट केले. इतका टोकाचा भाव हेवीवेटमध्ये मी कधीच खरा मानत नाही. दहा औंसांच्या ग्लोव्हमधून इतक्या वजनाच्या माणसाचा एकच ठोसा नीट बसला की उरलेल्या अकरा फेऱ्यांचे विश्लेषण संपते. वर्षातून एकदाच लढणाऱ्या बॉक्सरला तर ८० टक्क्यांच्या वर नेऊच नये, तो आज काय अवस्थेत आहे हे त्याच्या शिबिराबाहेर कोणाला कळलेले नसते.

आपल्या चौकटीत उंचीच्या जागी पुढील रकाने असावेत, अशी विनंती: शेवटच्या लढतीला किती महिने झाले, मागच्या तीन लढतींतले वजन, आठव्या फेरीपलीकडे खेळलेल्या लढती, डावखुऱ्यांशी खेळलेल्या फेऱ्या, आतापर्यंत किती वेळा खाली पडला, प्रशिक्षक किती काळापासून तोच आहे, आणि पंच व तिन्ही जजांची नावे. ही माहिती लढतीच्या आठवड्यापर्यंत जाहीर झालेली असते. वर्षअखेरीस सर्व अंदाजांचा ताळेबंद छापावा. ७० टक्के म्हटलेल्या दहा लढतींपैकी साधारण तीन चुकायलाच हव्यात. दहाच्या दहा बरोबर आल्या तर टक्के कमी लावले होते, आणि पाच चुकल्या तर पुढच्या वर्षी रकाने बदलावेत.

आपला,
मुष्टियुद्धाचा एक वाचक